मूठमाती

काजूच्या बागेत माकड मरून पडलं होतं. गावच्या रीतीप्रमाणे त्याला मूठमाती द्यायला भिवा गवस वाकला, तेवढ्यात गावात आरोग्य खात्याचं काम करणारी आशाताई धावत आली.

"काका, हात लावू नकात! तेच्या अंगावरच्यो गोचड्यो कपड्यांतसून घरात येतत. त्यो चावल्यो की माणसाक माकडताप येता."

भिवा थबकला. गेल्या शिमग्यात असंच एक माकड त्यानं स्वतः उचलून नेऊन पुरलं होतं. घरी आल्यावर काढलेला सदरा त्याच्या बायकोनं, द्वारकानं धुतला. आठवड्याभरात ती तापानं फणफणली आणि पुन्हा उठलीच नाही.

"म्हंजे द्वारका माझ्यामुळां गेली?" त्यानं कसंबसं विचारलं.

आशाताईला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. ती म्हणाली, "तुमका कोणी सांगूकच नाय, काका. सांगूक आमकाच उशीर झालो."

एवढ्यात मागून माणसं हार-नारळ घेऊन आली. भिवानं डोळे पुसले आणि दोन्ही हात पसरून वाट अडवली.

"लांबसूनच हात जोडा," तो म्हणाला. "पुढे कोणाक जाऊक देवचंय नाय."

माकडाला न्यायला सरकारी गाडी येईपर्यंत तो उन्हात तसाच उभा होता.