शरणबसप्पाची बत्ती

मकबूल दारात चपला काढतो न काढतो तोच लक्ष्मम्मानं त्याला खुणेनं गोठ्याच्या आडोशाला नेलं.

"तार मिळाली," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सोमवारी. शाळंतल्या मास्तरानं वाचून दाखवली. ह्यांना काय बोलू नको, लेकरा. ह्यांची छाती आधीच नाजूक हाय. मी सांगीन सावकाशीनं."

मकबूल उमरग्याचा. कोकणातल्या दीपगृहावर तो आणि लक्ष्मम्माचा मुलगा शरणबसप्पा पाच वर्षं एकत्र नोकरीला होते. आठवड्यापूर्वी वरच्या काचा बाहेरून पुसताना शरणबसप्पाचा पाय घसरला. तेच सांगायला मकबूल तीन एसट्या बदलून माकणीला आला होता. वाटभर जुळवलेली वाक्यं गिळून तो आत गेला.

धोंडप्पा बाजेवर बसला होता. "ये, ये. आमच्या पोराची बत्ती कशी हाय?"

"झकास, अप्पा."

"लांबून दिसती का?"

"अठरा मैलांवरनं. कोळी तिच्याच अंदाजानं घरला येतात. गावात कुणाचंबी घर विचारा, बत्तीपास्नंच सांगतात. बत्तीच्या खाली, बत्तीच्या उजवीकडं."

"आन् लावतो कोण?"

"शरणबसप्पाच की."

"जरा मोठ्यानं बोल. चुलीपाशी तिलाबी ऐकू जाऊ दे."

मकबूल मोठ्यानं सांगू लागला. कोळ्यांची पोरं शरणबसप्पाच्या मागं मागं जिने चढतात. लग्नाचं पहिलं आवतण त्याला. हा मासळी खात न्हाय म्हणून बायका त्याच्यासाठी वेगळी भाजी करून धाडतात. दर वाक्याला तोंडात 'होता' येई, ते वळवून 'हाय' करावं लागे. म्हातारा मान डोलवत हसत होता. आतून भाकरी करपल्याचा वास आला.

जेवणं झाली. धोंडप्पा काठी घेऊन त्याला फाट्यापर्यंत पोचवायला निघाला. लक्ष्मम्मानं दारातून मकबूलकडं पाहून हात जोडले.

फाट्यावर दोघं एसटीची वाट पाहत उभे राहिले. लोहाऱ्याकडनं एसटीची धूळ दिसली, तसा मकबूल पाया पडायला वाकला. म्हाताऱ्यानं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"सोमवारी सांजच्यालाच मास्तरानं मलाबी सांगितलं. पर मला सांभाळायचं म्हणून ती उभी हाय, तिला उभी ऱ्हाऊ दे." त्यानं दम घेतला. "आता खरं सांग. पोराला माती कुठं दिली?"