मागची चाकं

केसरीनाथने मागच्या चाकावर ओंजळभर पाणी टाकलं. चर्र झालं आणि वाफ वर आली.

"व्याही, यावर पापड भाजून निघतील," तो म्हणाला.

हिरामणला हसू आलं नाही. वळ गावाहून कामतघरला लेकीच्या सासरी पोचेपर्यंत गाडीत जळका वास भरला होता. आज पहिल्यांदा नव्हे. गोदामासाठी जमीन भाड्याने दिल्यावर त्याने हौसेने ही सेकंडहँड गाडी घेतली होती. साठीला टेकल्यावर शिकला, लायसन काढलं. आणि आता मुलगा दीपेश मोबाइलवर सांगत होता, "बाबा, गाडी तिथंच ठेवा. चावी केसरीनाथकाकांकडं द्या. तुमचा पाय ब्रेकवर ऱ्हातो आन् तुम्हाला कळत पन न्हाय."

कळत पन न्हाय. हेच हिरामणच्या काळजाला लागलं. त्याला साखर होती. थोरला भाऊ सावळाराम, त्यालाही होती. सावळारामचा पाय आधी बधिर झाला. चालता चालता चप्पल निसटून मागे राहायची, त्याला पत्ता नसायचा. पुढच्या दिवाळीच्या आत तो पाय कापावा लागला. तेव्हापासून हिरामण अंथरुणात पडल्या पडल्या एका पायाच्या नखाने दुसरा पाय टोचून बघायचा. कधी वाटायचं, कळतंय. कधी वाटायचं, नाही. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच. ती, कमळ, समोरच ओट्यावर बशीत चहा ओतून पीत बसली होती.

केसरीनाथ जन्मभर एसटी चालवून रिटायर झालेला. गाडी म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. त्याने बाह्या वर केल्या. हिरामण त्याच्याजवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "खरं काय ते सांगा. माझा पाय..."

"थांबा हो. गाडीला बोलू द्या."

केसरीनाथने पुढच्या चाकांना पालथा हात लावून पाहिला. मग हिरामणचा हात धरून तिथे टेकवला. चाक कोमट होतं, ताटात वाढलेल्या भाताएवढं.

"पायाचा ब्रेक दाबला ना, तर पुढची चाकं जास्त तापतात," केसरीनाथ म्हणाला. "तुमचा पाय ब्रेकवर राहिला असता तर ही पेटली असती. तापलीत मागची. पाय तुमचा एकदम ठणठणीत हाय."

हिरामण पायरीवर मटकन बसला. चप्पल काढून त्याने तळवा उन्हातल्या फरशीवर टेकवला. असा चटका बसला की त्याने पाय झटकन वर घेतला. मग पुन्हा टेकवला. पुन्हा भाजलं. त्याचे डोळे भरून आले आणि ऊन फार आहे असं काहीतरी तो पुटपुटला.

"मंग तापतंय काय?" जरा वेळाने त्याने विचारलं.

"हँडब्रेक. तो फक्त मागच्या चाकांना असतो. एक तर त्याची वायर अडकलीय, न्हायतर तुम्ही सोडायला विसरता."

चाकं निवल्यावर केसरीनाथने पुढे विटा लावल्या, मागे जॅक चढवला आणि हँडब्रेकचा दांडा पूर्ण खाली केला. चाक हाताने फिरवलं. छान गरगरलं. दुसरंही गरगरलं. मग दांडा जरासाच वर ओढला. आता चाक जड झालं, खरखर घासू लागलं.

"वायर बरी हाय," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही विसरता."

"देवाशपथ न्हाय. निघताना पूर्ण खाली करतो."

"समोर लाल दिवा लागत न्हाय?"

"तो घेतल्यापास्नं मेलेला हाय."

"मग चालत्या गाडीत दांडा वर केला कुणी? भुतानं?"

कमळने कपबशी खाली ठेवली.

"मी करते की," ती म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले.

"उतार आला, गर्दी आली, की धरते जरा वर. मग ऱ्हातो तसाच. घर आलं की हे पूर्ण ओढतातच." भाकऱ्या मीच थापते, असं सांगावं तितक्या सहज ती सांगत होती. हिरामणची नजर कायम रस्त्यावर. पदराखाली तिचा हात हलल्याचं त्याला ओझरतं जाणवायचं, पण त्याला वाटायचं, सीट धरून बसलीय.

"माझ्या चालवण्याची भीती वाटते व्हय तुला?" त्याने विचारलं. विचारताना त्याचा आवाज जरा पडला.

"भीती कशाची?" कमळ म्हणाली. "पेंढ्याची बैलगाडी घेऊन भिवंडीला यायचो, तवा बैल कोण हाकायचं? तुम्ही. आन् उतारावर मागं बसून ब्रेकाची दोरी कोण ओढायचं? मीच ना? ह्या गाडीत दांडा माझ्या हाताशी दिलाय. म्हटलं, माझ्यासाठीच असंल."

केसरीनाथला हसू आवरेना. जॅकचा दांडा हातात घेऊन तो ओट्यालाच टेकला. "विहीणबाई," तो डोळे पुसत म्हणाला, "मोटारीत चालवणाराच ब्रेक लावतो. बाजूच्यानं हात लावायचा नसतो."

कमळ मात्र हसली नाही. तिला ते पटलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या अनवाणी पायाकडे पाहिलं, आणि तिला त्याची दयाच आली.

"हाकायचं बी यांनीच आन् आवरायचं बी यांनीच?" ती म्हणाली. "एकल्यानं?"