तीन बोटांचं अंतर

कलेच्या इतिहासाच्या तासाला सरांनी जुन्या कापडाची गुंडाळी टेबलावर ठेवली आणि संग्रहालयाची नोंद वाचली, "विणकर अज्ञात. दोष तीन, चुकून पडलेल्या गाठी." मला राहवेना. "सर, चुकून कसल्या? हे आमच्याकडचं विणकाम. माझी मावशी मुद्दाम अशाच गाठी मारते." "कशासाठी गं?" कापड हाताळायला दिलेला हातमोजा मी काढला. बोटं कापडावरून चालू लागली, पहाटेच्या अंगणातून अनवाणी चालावं तशी. "ही लाल गाठ. त्या दिवशी घरात मूल जन्मलं." "आणि ही काळी?" काळी गाठ मावशी मोठ्यानं वाचत नाही. मीही वाचली नाही. मावशी दिवसाला बोटभरच विणते. इथे या दोन गाठींत अंतर तीन बोटांचं. सर गुंडाळी उलगडत राहिले. पाच हात, पंधरा हात नुसती निळी वीण. शेवटच्या काठाशी पुन्हा लाल गाठ. सरांनी 'दोष तीन' खोडून लिहिलं, 'मुलं दोन.'