शलाकाची शोकसभा

"शलाका भोईटे ही अत्यंत शांत, शिस्तप्रिय खेळाडू होती," कॉलेजच्या शोकसभेत क्रीडाशिक्षक घोरपडे सरांनी कागदावरून वाचलं, आणि पहिल्या रांगेतून शलाकाची आई म्हणाली, "सर, हे कुणाचं वाचताय?"

सर गडबडले. महिन्यापूर्वी डेंग्यूनं गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीबद्दल काय बोलावं हे न सुचून त्यांनी एक जुनंच भाषण नाव बदलून आणलं होतं. त्यांनी कागद खिशात कोंबला.

तेवढ्यात कबड्डी संघाची कॅप्टन उठली. "काकू, मी खरं सांगते. जिल्ह्याच्या फायनलला ती सकाळपासून उपाशी होती. चढाईला गेली आणि 'कबड्डी, कबड्डी'च्या ऐवजी 'कांदाभजी, कांदाभजी' म्हणत सुटली! पंचांनी समोरच्या संघाला गुण दिला, तर त्यांच्याशीच भांडली. म्हणे, 'दम कुठं तुटला, सर? पदार्थ बदलला फक्त!'"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि घाबरून तोंड दाबलं. सगळे आईकडे बघू लागले. तिचे खांदे हलत होते. प्राचार्य पाण्याचा ग्लास घेऊन धावले, तर ती पदरात तोंड लपवून हसत होती.

"त्या एका गुणानं हरलो आम्ही, काकू," कॅप्टन म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

आईनं तिला ओढून शेजारी बसवलं. "घरी माझ्यासमोर कुणी तिचं नावच काढत नाही गं," ती म्हणाली. "सांग ना, आणखी काय काय केलं तिनं?"