पीएच सात

"रक्ताचा पीएच सात आलाय," एवढंच बोलून डॉक्टर घाईघाईने आयसीयूत परत गेले आणि बाकावर बसलेल्या अण्णांचा चेहरा उजळला.

"सात म्हणजे न्यूट्रल ना गं, रेवती?"

रेवतीच्या मांडीवर बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं होतं. परवा पेपर. अण्णा फारसे शिकलेले नव्हते, पण दुकानात गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर इस्त्री फिरवता फिरवता रोज तिच्याकडून धडे म्हणून घ्यायचे. ऐकून ऐकून त्यांनाही पाठ झालं होतं. सातच्या खाली ॲसिड, वर बेस आणि बरोब्बर सात म्हणजे शुद्ध पाणी.

पण आत आई होती, पाणी नव्हतं. तिच्या किडन्यांनी हात टेकले होते. रक्ताला सात पॉइंट चार लागतो. तेवढ्याशा फरकात ॲसिड अडीचपट होतं, हे रेवतीने कालच पुस्तकातलं एक गणित सोडवताना पाहिलं होतं. सातवर माणूस फार वेळ तग धरत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

तोवर अण्णांनी मामाला फोन लावलासुद्धा. "न्यूट्रल आलंय! जिवात जीव आला बघा." मग ते तिच्याकडे वळले. "परत सांग बरं, न्यूट्रल म्हणजे काय?"

खरं सांगायला तिची जीभ रेटेना.

"ॲसिडही नाही, बेसही नाही."

"शाब्बास!" सकाळपासून तसाच पडलेला डबा अण्णांनी उघडला आणि पहिला घास तिच्यापुढे धरला.

तिने मुकाट्याने तोंड उघडलं.