बंडलरावांचं जंगल

पाळण्यात बसायला म्हातारी एका पायावर तयार झाली आणि मुकादमाचाच धीर सुटला. पाळणा म्हणजे लोखंडी जाळीचा पिंजरा. क्रेनला टांगून त्यातून गॅसच्या टाक्या वर जात आणि मोडीत निघालेल्या जहाजातलं सामान खाली येई. माणसं दोरशिडीने चढत. पण बाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना दोरशिडी कशी झेपणार? तिचा मुलगा तिथे गॅसकटर चालवायचा. महिन्यापूर्वी त्याने पहिल्या वर्गाचा जेवणाचा हॉल पाहिला होता आणि तेव्हापासून मुकादमाच्या मागे भुणभुण लावली होती. शेवटी जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास मिळाला. सुट्टी संपली की व्यापाऱ्याचे सुतार त्या हॉलच्या भिंतींची लाकडं उतरवायला घेणार होते.

पाळणा हलला तसा मुलाने आईचा दंड घट्ट धरला. तिने तो सोडवून घेतला आणि खाली चिखलात डबे उघडून बसलेल्या कामगारांना हात हलवून दाखवला. खालून शिट्ट्या आल्या. पाळण्यात शेजारी उभ्या मुकादमाने डोळे मिटून घेतले होते.

या जहाजावर तिने एकोणीस वर्षं काढली होती, तीही पाण्याच्या पातळीखाली, इस्त्रीखान्यात. वरच्या हॉलमधलं प्रत्येक टेबलक्लॉथ तिच्या हाताखालून गेलं होतं. हॉल मात्र तिने कधी पाहिला नव्हता. इस्त्रीवाल्या बायकांना वर पाऊल टाकायची बंदी होती. एक तरुण वाढपी रोज मळकी कापडं घेऊन खाली यायचा आणि वाफेत घामाघूम होत वरच्या हॉलचं वर्णन करायचा. ते ऐकता ऐकताच तिचं त्याच्याशी लग्न ठरलं. पुढे जमिनीवर आल्यावर हेच वर्णन त्याने गल्लीतल्या प्रत्येकाला इतक्यांदा ऐकवलं, की त्याचे बंडलराव झाले. भिंतीभर लाकडात कोरलेलं अख्खं जंगल आहे म्हणे! जहाजावर जंगल? पोरं तोंडावर हसायची. मुलगाही त्यांच्यात हसायचा. आणि खरं सांगायचं तर, तीही. बंडलरावांना जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

डेकवर उतरताच म्हातारी सवयीने खाली जाणाऱ्या जिन्याकडे वळली. मुलाने तिला खांद्याला धरून फिरवलं.

“आई, तिकडे नाही. आज वर.”

हॉलमधल्या खुर्च्या गेल्या होत्या, गालिचे गेले होते, दिव्यांच्या जागी वायरी लोंबत होत्या. पण भिंती शाबूत होत्या. जमिनीपासून छतापर्यंत झाडं उभी होती. खोडांवर वेली चढल्या होत्या, हरणं मान वळवून बघत होती, आणि हजारो पानांतलं एकही पान दुसऱ्यासारखं नव्हतं. म्हातारी दारातच थांबली. मुलगा जंगल बघत नव्हता, आईचं तोंड बघत होता.

“पानं कमीच सांगितली यांनी,” ती शेवटी म्हणाली.

मग तिला एकदम काहीतरी आठवलं आणि ती गुडघे विसरून तुरुतुरु चालायला लागली. स्वयंपाकघराचं दार कुठलं, तिने विचारलं. त्या दाराच्या डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, एक खार उलटी लटकलेली असायला हवी होती. ताटं घेऊन बाहेर पडताना प्रत्येक वाढपी तिच्या नाकाला बोट लावायचा. लावलं नाही तर त्या दिवशी काहीतरी सांडतंच, असं ठरलेलं. मुकादम म्हणाला की आठ दिवस तो सुतारांबरोबर इंचइंच फिरलाय, खारबीर काही नाही. मुलाने बॅटरीचा झोत टाकला. पानं, पानं, नुसती पानं.

म्हातारीने बॅटरीकडे पाहिलंही नाही. चष्मा काढला, डोळे मिटले आणि कापडावरची सुरकुती शोधावी तसा तळवा लाकडावरून फिरवला. एका जागी हात थबकला. मुलाने वाकून पाहिलं. दोन पानांच्या आड, शेपटी वर आणि डोकं खाली करून, बोटभर खार लपून बसली होती. सगळं लाकूड काळवंडलं होतं. तिचं नाक तेवढं झिजून गोटीसारखं गुळगुळीत झालं होतं.

म्हातारीने त्या नाकावर बोट ठेवलं आणि हसायला लागली. इतकी हसली की भिंतीला टेकावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना.

“अहो,” ती भिंतीला म्हणाली, “तुम्ही खरं बोलत होतात की हो.”

मुलाने आईच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं. नाक एवढंसं आणि बोटं दोन, तरी ते त्याने काढलं नाही. निघताना मुकादम दोघांच्या मागे रेंगाळला. त्यानेही नाकाला हात लावला, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं.

खाली उतरल्यावर यार्डाच्या फाटकाशी चहा आला. पत्रे वेचणाऱ्या बायका म्हातारीभोवती जमल्या. तिने त्यांना जंगल सांगितलं, हरणं सांगितली, खार तर दोनदा सांगितली. बायका आ वासून ऐकत राहिल्या. म्हातारीने कप खाली ठेवला, जरा विचार केला.

“आणि मधोमध कारंजं होतं,” ती म्हणाली. “एवढं मोठं.”

हॉलच्या मधोमध उखडलेल्या फळ्यांशिवाय काही नव्हतं. एका बाईने संशयाने मुलाकडे पाहिलं.

“खरंच होतं का रे?”

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. मुलगा हातमोजे चढवत उठला.

“होतं की,” तो म्हणाला. “मासेसुद्धा होते.”