कजोडजींचे श्रोते

जयपूरच्या जुन्या तुरुंगात कैद्यांचा रेडिओ चालतो. माईकसमोर कसं बोलायचं, ते शिकवायला मी दर शनिवारी जगतपुऱ्याहून जातो. माझे सगळ्यात लाडके विद्यार्थी कजोडजी. जन्मठेपेत त्यांचं बोलणंच आटलं होतं. माईक हातात आला की मात्र खुलायचे.

त्यांचा कार्यक्रम संपला की शेजारच्या बराकीतून टाळ्या यायच्या. ती बराक कित्येक वर्षं रिकामी आहे आणि दाराला कुलूप आहे. मी पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "भैया, टाळ्याच आहेत ना? शिव्या तर नाहीत."

मुद्दा बरोबर होता.

सुटकेच्या दिवशी कजोडजींचा चेहरा उतरलेला. "बाहेर माझं कोण ऐकणार, तन्मयजी? इथे निदान ती मंडळी होती."

त्यांची पत्र्याची पेटी मी स्कूटरवर पायाशी ठेवली. आत दोनच सदरे होते, तरी पेटी आम्हा दोघांना मिळून उचलावी लागली.

प्रताप नगरातल्या भाड्याच्या खोलीत ते भिंतीकडे बघत बसून राहिले. शेवटी मीच म्हटलं, "एकदा बोलून तर बघा."

"नमस्कार," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "मी कजोड."

पेटीतून टाळ्या आल्या.

मी दाराकडे सरकलो. कजोडजी मात्र हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तेवढ्यात घरमालकीणबाईंनी खालून विचारलं, "भाईसाब, जेवायला किती जण?"

"थांबा, विचारून सांगतो," म्हणत कजोडजींनी पेटीची कडी काढली.